लॉर्ड कर्झन आणि आपल्या प्राचीन वास्तू

अहमदाबाद शहरात सिदी सय्यद याची एक लहानशी मशीद आहे. गुजरातची सुलतानशाही लयास जाण्याच्या सुमारास, सन १५७३ च्या आगेमागे, ती बांधली गेली. तिच्या कमानींत दगडी जाळ्या बसविलेल्या आहेत. त्यांपैकी एका जाळीत एक वृक्ष कोरला आहे. त्याच्या नाजूक फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, हे काम टाकीने दगडात केले आहे, सुईने कापडावर केलेले नाही, हे सांगूनही खरे वाटू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मशिदीत मामलेदार कचेरी भरत असे. भिंतींना चुना फासलेला होता. जेथे भाविकांनी नमाज पढावा तेथे कारकून दप्तरे मांडून बसत आणि शेतसाऱ्यासाठी आलेली कुळे बाहेर ताटकळत उभी राहत. सरकारला कचेरीसाठी जागा हवी होती आणि ही जागा आयतीच मिळाली होती. त्यात काही गैर आहे असे कोणा अधिकाऱ्याच्या मनातही येत नसे. १९०० साली एक उंच, ताठ मानेचा इंग्रज ही मशीद पाहावयास आला. ती जाळी पाहून तो थबकला आणि ती कचेरी पाहून संतापला. कचेरी येथून हलवावी, असा त्याने हुकूम केला. तो मोडण्याची कोणाची छाती नव्हती. कारण हुकूम करणारा हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होता.

कर्झनचे नाव आपल्याकडे कोणी आदराने घेत नाही. बंगालची फाळणी करणारा गर्विष्ठ व्हाइसरॉय, एवढीच त्याची ओळख तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. ती ओळख खोटी नाही. पण आग्रा, दिल्ली, विजापूर येथे सहलीला गेल्यावर ज्या वास्तू आपण डोळे भरून पाहतो, त्यांपैकी कित्येकींच्या रक्षणात याच माणसाचा हात होता, हेही तितकेच खरे आहे. एकाच माणसाच्या हातून या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, हे त्याच्या चरित्रावरून पाहावयाचे आहे.

जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन याचा जन्म ११ जानेवारी १८५९ रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात, केडलस्टन येथे झाला. घराणे जुने व सरदारी. शतकानुशतके तेथील जमीन त्यांच्याकडे चालत आलेली. मोठ्या घरातील मूल म्हणून जॉर्जचे बालपण लाडाकोडात गेले असेल, असे तुम्हांस वाटेल. प्रत्यक्षात ते एका कठोर शिक्षिकेच्या धाकात गेले. ती मुलांना बेदम मारी. मुलाच्या डोक्यावर कागदाची उंच टोपी घालून, तिच्यावर त्याचे दोष लिहून, ती त्याला गावातून फिरावयास लावी. एकदा तर आपल्याला मारण्यासाठी छडी तयार करून द्यावी, अशी चिठ्ठी तिने जॉर्जलाच घरच्या नोकराला लिहावयास लावली. चाळीस वर्षे शिक्षकी केलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून मान खाली घालावी लागते. पुढील आयुष्यात कर्झन हाताखालच्या माणसांशी जो उर्मटपणा करी, त्याचे मूळ या छडीत असावे, असे त्याच्या चरित्रकारांना वाटते.

ईटन येथील शाळेत आणि ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात त्याने विद्वत्ता, वक्तृत्व आणि अहंकार या तिन्ही गोष्टींत नाव कमावले. अहंकाराबद्दल सोबत्यांनी त्याच्यावर चेष्टेचे कवन रचले आणि ते त्याला जन्मभर चिकटून राहिले. तरुणपणीच त्याला पाठीच्या कण्याचे दुखणे जडले. पोलादी पट्ट्यांचा आधार अंगाला बांधल्याशिवाय त्याला फार वेळ बसता येत नसे. त्याचे ताठ चालणे पाहून लोक त्यास गर्विष्ठ म्हणत. तो ताठपणा निदान अर्धा तरी वेदनेचा होता. अशा दुखऱ्या पाठीने तो रात्री उशिरापर्यंत कागदपत्रे वाचीत व लिहीत बसे.

आशिया खंडाविषयी त्याला शाळेतच ओढ लागली होती. मध्य आशिया, इराण, चीन, कोरिया असा दूरदूरचा प्रवास त्याने केला आणि इराणावर दोन जाड खंडांचा ग्रंथ १८९२ साली प्रसिद्ध केला. १८८७ साली निघालेल्या जगप्रवासात तो प्रथम हिंदुस्थानात आला व त्याने ताजमहाल पाहिला. ती वास्तू त्याच्या मनात कायमची घर करून राहिली. आपण एके दिवशी या देशाचा व्हाइसरॉय व्हावयाचे, ही आकांक्षाही त्याच सुमारास दृढ झाली. ती सफल होण्यास फार वर्षे लागली नाहीत. ६ जानेवारी १८९९ रोजी, वयाला चाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्याने कलकत्त्यास सूत्रे हाती घेतली. योगायोग असा की, कलकत्त्याचा व्हाइसरॉयचा वाडा सुमारे शंभर वर्षांपूर्वी केडलस्टनच्या वाड्यावरूनच बेतलेला होता. हजारो मैल दूर येऊन कर्झन जणू आपल्याच घरात राहावयास आला. साऱ्या हिंदुस्थानाकडेही तो काहीसा वडिलार्जित वाड्याकडे पाहावे तसाच पाहत असे.

त्या वेळी आपल्या प्राचीन वास्तूंची स्थिती शोचनीय होती. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या लाल किल्ल्यातील बऱ्याच मोगल इमारती इंग्रजांनी पाडल्या आणि त्या जागी सैनिकांच्या ओबडधोबड बराकी उभ्या केल्या. लाहोर-मुलतान लोहमार्ग घालताना हरप्पा येथील हजारो वर्षांपूर्वीच्या विटा रुळांखाली भरण्यासाठी गाड्या भरभरून नेण्यात आल्या. अमरावतीच्या स्तूपाचे (आपल्या वऱ्हाडातील अमरावती नव्हे, आंध्र प्रदेशातील) कोरीव शिलाखंड समुद्रापार लंडनच्या संग्रहालयात गेले. आग्र्याच्या किल्ल्यातील शाहजहानच्या स्नानगृहाचे संगमरवर हेस्टिंग्ज या गव्हर्नर जनरलने उखडून इंग्लंडच्या युवराजाला नजराणा म्हणून धाडले आणि मागे उरलेल्या दगडांचा पुढे बेंटिंकच्या वेळी लिलाव झाला. या लिलावावरूनच, बेंटिंकने ताजमहाल पाडून त्याचा संगमरवर विकावयाचे ठरविले होते, अशी वार्ता पसरली असावी. ती गोष्ट आजही मोठ्या चवीने सांगितली जाते. तिला पुरावा मात्र नाही. जे खरोखर घडले तेच इतके वाईट होते की, त्यात कल्पित गोष्टीची भर घालण्याची गरजच नव्हती.

प्राचीन अवशेषांकडे कोणाचे लक्षच नव्हते, असे मात्र नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम या लष्करी अभियंत्याने १८६१ पासून उत्तर हिंदुस्थान पायाखाली घालून शेकडो स्थळांची टिपणे केली होती. आपल्या मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचण्यासाठी परिश्रम केले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यालेण्यांतून हिंडून लेखांचे ठसे घेतले होते. बंगालमध्ये राजेंद्रलाल मित्र यांनी ओरिसातील मंदिरांवर ग्रंथ लिहिला होता. परंतु विद्वानाने शिलालेख वाचला म्हणून भिंत उभी राहत नाही. तिला गवंडी, चुना आणि पैसा लागतो. तो पैसा सरकार देईना. १८८९ साली तर पुराणवस्तु-संशोधन खात्याच्या प्रमुखाचे पदच काटकसरीसाठी बंद करण्यात आले.

कर्झनने हे चित्र पालटले. ७ फेब्रुवारी १९०० रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत त्याने या विषयावर मोठे भाषण केले. प्राचीन वास्तूंचे रक्षण हे सरकारचे कर्तव्यच आहे, असे त्याने तेथे प्रतिपादन केले. त्यासोबत त्याने आणखी एक विचार मांडला, तो नीट ध्यानात घ्या. या देशात एका धर्माच्या राजांनी दुसऱ्या धर्माच्या वास्तूंची नासधूस केली आहे. आम्ही इंग्रज परके आहोत, आम्हांस कोणाचाच पक्ष घ्यावयाचा नाही. म्हणून हिंदू, बौद्ध, जैन, मुसलमान अशा सर्वांच्या वारशाचे राखणदार होण्यास आम्हीच अधिक योग्य आहोत, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे जुन्या देवळांची व मशिदींची डागडुजी करणे, हा इंग्रजी राज्य न्याय्य आहे असे सांगण्याचाही एक मार्ग होता. लाल किल्ल्यात सुरुंग कोणी लावले आणि मशिदीत कचेऱ्या कोणी भरविल्या, याचा जाब कर्झनने आपल्या पूर्वाधिकाऱ्यांना विचारला, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. पण म्हणून राखणदारीचा हक्क आपल्याला कसा मिळाला, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

बोलून तो थांबला नाही. १९०२ साली त्याने खात्याच्या प्रमुखाचे पद पुन्हा निर्माण करून त्यावर जॉन मार्शल या पंचविशीतील तरुणाला नेमले. ग्रीसमधील उत्खननांचा त्याला अनुभव होता. ही निवड अचूक ठरली. मार्शलच्याच कारकीर्दीत दयाराम साहनी यांनी हरप्पा येथे व राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खनन केले आणि सिंधू संस्कृती जगापुढे आली. हेच साहनी १९३१ साली त्या खात्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

व्हाइसरॉयचे दौरे म्हणजे एरवी शिकारी आणि मेजवान्या. कर्झन शिकारही करी. परंतु मुक्काम पडला की तेथील पडकी देवळे व कबरी तो हटकून पाही, छतापासून पायापर्यंत निरखी आणि काय करावयाचे ते स्वतःच्या हाताने लिहून काढी. विजापुरास एका मशिदीत प्रवाशांचा डाक बंगला होता, दुसरीत टपाल कचेरी होती. त्याने दोन्ही मोकळ्या करविल्या. लाहोरच्या किल्ल्यातील मोती मशीद सरकारी खजिना ठेवण्यासाठी वापरली जात होती, तीही सुटली. आग्र्याजवळ सिकंदरा येथे अकबराच्या समाधीच्या महाद्वारावरील चारही मिनारांचे माथे मोडलेले होते; ते पुन्हा बांधून काढले.

ताजमहालाकडे तो जातीने लक्ष देई. पुढच्या आवारातील दुकानांची दाटी त्याने काढविली. पाण्याचे पाट आणि कारंजी दुरुस्त करून घेतली. बागेत जुनी, दाट वाढलेली झाडी होती. ती कमी करून त्याने इंग्रजी उद्यानांसारखी मोकळी हिरवळ करविली. आज ताजमहालापुढे जे गालिच्यासारखे गवत दिसते, ते शाहजहानच्या काळचे नव्हे, कर्झनच्या आवडीचे आहे. आत, शाहजहान व मुमताज यांच्या कबरींच्या वर, त्याच्या देणगीचा एक दिवा टांगलेला आहे. तो कैरो शहरातील जुन्या मशिदीतील दिव्याच्या घाटावर, तेथील कारागिरांकडून करविलेला आहे. हिंदुस्थान सोडून गेल्यावरही त्या दिव्याचा पत्रव्यवहार कर्झनने सोडला नव्हता.

दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आम या दरबारगृहात बादशहाच्या सिंहासनामागील भिंतीवर रंगीत दगड जडवून पाने, फुले व पक्षी काढले होते. १८५७ नंतर एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने त्यांतील कित्येक फरश्या उपटल्या आणि त्या मेजांवर बसवून विलायतेत सरकारलाच पाचशे पौंडांना विकल्या. त्या लंडनच्या संग्रहालयात जाऊन पडल्या होत्या. कर्झनने पिच्छा पुरवून त्या परत मिळविल्या आणि पुढे फ्लॉरेन्स नगरीतील एका इटालियन कारागिराला बोलावून त्या मूळ जागी बसविण्यात आल्या. परदेशी गेलेली वस्तू स्वदेशी परत येण्याची अशी उदाहरणे त्या काळात बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

आता जी हकिकत सांगावयाची आहे, तिचा एक धागा आपल्या कोकणात येऊन पोहोचतो. ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली होता. मंडाले ही त्या देशाची राजधानी. तेथे रुंद खंदकाच्या आत, उंच तटाच्या आड, सागवानी लाकडाचा, सोन्याचा मुलामा दिलेला राजवाडा होता. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले. थिबा राजाला त्यांनी बोटीत घालून आधी मद्रासला व मग, १८८६ साली, रत्नागिरीस आणून ठेवले. इकडे राजवाड्याच्या दालनांत इंग्रज अधिकाऱ्यांचा क्लब सुरू झाला आणि दरबाराच्या महालात ख्रिस्ती प्रार्थनामंदिर भरू लागले.

१९०१ साली कर्झन मंडालेस गेला. सोनेरी खांबांच्या आड क्लबातील मंडळींचे खेळ व खाणेपिणे चाललेले पाहून त्याला शिसारी आली. क्लब येथून निघाला पाहिजे, प्रार्थनामंदिरही हलले पाहिजे आणि लाकडी कलेचा हा दुर्मीळ नमुना जतन झाला पाहिजे, असा त्याने निर्णय दिला. तेथील गोऱ्या मंडळींना तो रुचला नाही. पण कर्झनने जुमानले नाही. निर्णयाची कारणे त्याने लिहून ठेवली आहेत. राजवाडा राखल्याने ब्रह्मी लोकांच्या भावनांचा मान राहील, हे एक कारण. दुसरे कारण असे की, ही राजसत्ता आता कायमची इंग्रजांच्या हाती गेली आहे, याचे तो राजवाडा त्या लोकांना नित्य स्मरण देत राहील.

त्या राजवाड्याचा धनी त्या वेळी जिवंत होता. कर्झन आणि थिबा दोघांचाही जन्म १८५९ सालचा. एक मंडालेच्या महालांतून हिंडत छपरे गळतात की काय ते पाहत होता. दुसरा रत्नागिरीस, परक्या पावसात, मायदेशी परत जाऊ देण्याची वाट पाहत होता. त्याला परत जाऊ द्यावे, असे कर्झनला कधी वाटले नाही. रत्नागिरीस थिबासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली राजा तेथेच मरण पावला. रत्नागिरीचा तो लाल विटांचा राजवाडा मी पाहिला आहे. गच्चीवरून खाडी व समुद्र दिसतो. मंडालेचा राजवाडा मात्र उरला नाही. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४५ मध्ये, तो आगीत भस्म झाला.

वास्तूंच्या रक्षणासाठी कर्झनने केलेले सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा. एखादी वास्तू संरक्षित म्हणून जाहीर करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला मिळाला. वास्तू खासगी मालकीची असेल तर मालकाशी करार करावयाचा, आणि ती नष्ट होण्याचा धोका असेल तर मोबदला देऊन ताब्यात घ्यावयाची. नासधूस करणारास पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेण्यावरही सरकारला बंदी घालता येऊ लागली.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. खुद्द इंग्लंडमध्ये असा सक्तीचा कायदा तेव्हा नव्हता. तेथे १८८२ साली कायदा झाला होता, परंतु तो मालकाच्या मर्जीवर चाले. आपल्या जमिनीतील जुन्या दगडांना सरकारने हात लावावा, हे तेथील जमीनदारांना मान्य नव्हते आणि पार्लमेंटात त्यांचेच वजन होते. हिंदुस्थानात ज्यांच्या वास्तूंसाठी कायदा व्हावयाचा, त्या लोकांना मत देण्याचा अधिकारच नव्हता. त्यामुळे जो कायदा इंग्लंडात होणे कठीण, तो कलकत्त्यात सहज झाला.

तरी दोन ठिकाणी कायद्याचे हात बांधलेले होते. संस्थानांत तो चालत नसे. म्हणून निजामाच्या मुलखातील अजिंठा व वेरूळ त्याच्या कक्षेबाहेर राहिली. आणि जेथे पूजाअर्चा चालू आहे अशी वास्तू सक्तीने घेता येत नसे. प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करावयाची नाही, असे १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने वचन दिले होते. शिवाय बोधगयेचा अनुभव ताजा होता. जेथे भगवान बुद्धांना ज्ञानप्राप्ती झाली, तेथील मंदिर एका शैव महंताच्या ताब्यात होते आणि ते बौद्धांस मिळावे म्हणून सिंहलद्वीपाचे अनागारिक धर्मपाल झगडत होते. कर्झनने मध्यस्थी करून पाहिली; महंत बधला नाही. मशिदीतील कचेरी हलविणारा व्हाइसरॉय तेथे हात हलवीत परत आला. तो तंटा थेट स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यापर्यंत रेंगाळला, आणि त्यानंतरही पुरता मिटला नाही.

आता या माणसाची दुसरी बाजू पाहू. एशियाटिक सोसायटीतील ते भाषण झाले तेव्हा देशात घोर दुष्काळ पडला होता. मुंबई इलाख्यात व गुजरातेत माणसे व गुरे तडफडून मरत होती. कर्झनच्या सरकारने दुष्काळी कामे काढली, पण मदत देताना हात आखडता ठेवला, हा दोष त्याला त्या वेळीही लागला व आजही लागतो. १९०४ साली त्याने विद्यापीठांवर सरकारी पकड घट्ट केली. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्याला पाश्चात्त्य देशांत जे उच्च स्थान आहे ते पौर्वात्य देशांत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले. सभेतील विद्वान मंडळी आतल्या आत जळली. भगिनी निवेदिता यांना मात्र कर्झनचेच एक जुने पुस्तक आठवले. कोरियातील एका मंत्र्यावर छाप पडावी म्हणून आपण आपले वय वाढवून सांगितले, असे त्यात कर्झनने स्वतःच ऐटीने लिहिले होते! ते वर्तमानपत्रात छापून आले आणि साऱ्या कलकत्त्यात हशा पिकला.

पुढे १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. लोकांच्या सभा, अर्ज, विनवण्या, कशाचाच उपयोग झाला नाही. स्वदेशीची लाट उसळली. पुण्यातही विदेशी कापडाची होळी पेटली. त्या वर्षीच्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कर्झनची तुलना औरंगजेबाशी केली. गोखले यांच्यासारख्या मोजून बोलणाऱ्या पुरुषाने हे म्हटले, हे विशेष. कर्झनची बुद्धी, कर्तव्यनिष्ठा व कष्टाळूपणा त्यांनी नाकारला नव्हता. सारी सत्ता एका हाती घेणारा आणि कोणावरच विश्वास न टाकणारा, म्हणून तो औरंगजेबासारखा, असे त्यांचे म्हणणे. ज्याने शाहजहानच्या ताजमहालाची जिवापाड निगा राखली, त्याला शाहजहानच्या मुलाची उपमा मिळाली. आणि काही वर्षांनी, १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा भोगण्यासाठी इंग्रजांनी कोठे पाठविले? मंडालेच्या तुरुंगात. ते १९१४ पर्यंत तेथे होते.

कर्झनने जुनी स्मारके राखली, तशी काही स्वतःही उभारली. कलकत्त्यात पूर्वी एक स्तंभ होता; १७५६ साली नबाब सिराजउद्दौलाच्या कैदेत गुदमरून मेलेल्या इंग्रजांच्या स्मरणार्थ तो उभारलेला होता. तो १८२१ साली काढून टाकलेला होता. कर्झनने १९०२ साली स्वखर्चाने संगमरवरात तो पुन्हा उभा केला. मृतांचा आकडा फुगविलेला आहे आणि हा स्तंभ म्हणजे आमच्या नबाबाची बदनामी आहे, असे बंगाली लोक म्हणत. १९४० साली सुभाषचंद्र बोस यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. सरकारने सुभाषबाबूंना अटक केली. पण स्तंभही चव्हाट्यावरून हलवून एका चर्चच्या आवारात नेला. कर्झनने पुसून स्वच्छ केलेली सिदी सय्यदची जाळी मात्र कोणी हलवा असे म्हटले नाही.

फाळणी अमलात येण्यापूर्वीच, ऑगस्ट १९०५ मध्ये, सेनापती किचनर याच्याशी झालेल्या भांडणात विलायत सरकारने किचनरची बाजू घेतल्यामुळे कर्झनने राजीनामा दिला होता. तो मायदेशी परतला तो निराश होऊन. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी मेरी मरण पावली. १९११ साली बंगालची फाळणीही रद्द झाली.

त्याच १९११ साली त्याच्या कानी आले की, लिंकनशर परगण्यातील टॅटरशल हा मध्ययुगीन किल्ला विकला गेला असून, त्यातील नक्षीदार दगडी अग्निकुंडे भिंतींतून काढून नेली आहेत व ती अमेरिकेस जाणार आहेत. दिल्लीच्या दरबारगृहातून फरश्या गेल्या, तसाच हा प्रकार. कर्झनने पदरचे पैसे घालून किल्ला विकत घेतला, अग्निकुंडांचा शोध लावून तीही परत आणली आणि मूळ जागी बसविली. या प्रकरणाने इंग्लंडात चर्चा उठली. १९१३ साली तेथेही, वास्तूच्या मालकाला अडविण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा झाला. हिंदुस्थानात तसा कायदा होऊन तेव्हा नऊ वर्षे लोटली होती.

पहिल्या महायुद्धानंतर कर्झन परराष्ट्रमंत्री झाला. १९२३ साली पंतप्रधानपद आता आपलेच, अशी त्याची खात्री होती. ते बॉल्डविनला मिळाले. २० मार्च १९२५ रोजी लंडनमध्ये त्याचे देहावसान झाले आणि केडलस्टनच्या चर्चमध्ये मेरीच्या शेजारी त्याला पुरण्यात आले. टॅटरशल आणि पुढे विकत घेऊन दुरुस्त केलेला बोडियम, हे दोन्ही किल्ले त्याने मृत्युपत्राने इंग्लंडच्या जनतेसाठी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केले. १९०४ चा त्याचा कायदा स्वतंत्र भारतातही काही वर्षे चालू राहिला. १९५८ साली भारताच्या संसदेने, लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या मताने, त्याच्या जागी नवा कायदा केला.